क्रीडा पानाच्या संपादकांना खुले पत्र: ट्रक ओढणाऱ्या माणसाला नाव असतं

मराठी दैनिकांच्या क्रीडा विभागातले संपादक, उपसंपादक आणि रात्रपाळीला पान लावणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

२०२१ च्या जानेवारीत तुमच्यापैकी एका दैनिकाला मी हजारभर शब्दांचा मजकूर पाठवला होता. कीव्हचा ओलेक्सी नोविकोव्ह, वय वर्षं २४, ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’, म्हणजे ताकदीच्या जागतिक स्पर्धेचा विजेता झाला होता, त्यावर. तीन आठवड्यांनी शेवटच्या पानावर, स्कूटरवर बसणाऱ्या कुत्र्याच्या बातमीखाली, एक फोटो आला: ‘अबब! युक्रेनचा भीम’. खाली दोन ओळी. त्यात नोविकोव्हचं नाव नव्हतं, स्पर्धेचं नव्हतं, माझं तर नव्हतंच. आणि फोटोत ट्रक ओढणारा गडी नोविकोव्ह नव्हता. दाढी दिसली की झालं, असा काहीतरी हिशेब असावा.

दैनिकाचं नाव लिहीत नाही, कारण दोष एकट्या त्या दैनिकाचा नाही. मी गेली वीस वर्षं बघतोय. तुमच्या पानांवर ताकदीचा खेळ आला की तो ‘जरा हटके’मध्ये येतो.

माझी ओळख थोडक्यात. तालुक्याच्या गावात व्यायामशाळा चालवतो. त्याआधी तालमीत होतो; मातीतली कुस्ती मी सोडली नाही, गुडघ्यानं सोडवली. दोन हजारच्या आसपास आमच्याकडे केबल आली आणि रात्री उशिरा कधीतरी ट्रक ओढण्याच्या, वजन उचलण्याच्या त्या ‘स्ट्राँगमन’ स्पर्धा दिसायला लागल्या. थोरली मंडळी हसायची. ‘हे काय, बैलाचं काम माणूस करतोय.’ मी मात्र वहीत आकडे उतरवायचो. त्या वहीत २००४ च्या पानावर लाल शाईनं एक नाव लिहिलंय: युक्रेनचा वासिल विरास्त्युक.

तुमचा गैरसमज अगदीच बिनबुडाचा आहे असं मी म्हणत नाही. ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’ ही स्पर्धा १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या युनिव्हर्सल स्टुडिओत सुरू झाली, म्हणजे तिचा जन्मच मुळी टीव्हीचा कार्यक्रम म्हणून झाला. तमाशाचा अंश तिच्यात आहे आणि तो राहणार. पण वन-डे क्रिकेटमध्ये तो नाही? रंगीत कपडे, रात्रीचे दिवे आणि नाचणाऱ्या पोरी बघून तुम्ही धावफलक छापायचं थांबवलंत का?

कुस्तीची बातमी तुम्ही कशी लिहिता ते आठवा. कुणी ताबा घेतला, कुणी घिस्सा लावला, कलाजंग कुणाची फसली, ढाक कुणाची बसली. वाचणारा मैदानात नसला तरी त्याला कुस्ती दिसते. कारण लिहिणाऱ्याला डाव माहीत असतो. स्ट्राँगमनची बातमी मात्र ‘अवाढव्य वजन उचलून सर्वांना थक्क केले’ इथंच संपते. कुठलं वजन, कसं उचललं, कुणापेक्षा जास्त, किती सेकंदांत?

म्हणून डाव सांगतो. आमच्या व्यायामशाळेच्या मागच्या पत्र्याखाली एक गोटा आहे, सिमेंट-खडीचा. सतरा इंच व्यास, ९८ किलो. लोहाराकडून दोन अर्धगोल साचे करून घेतले आणि आम्हीच ओतला. स्पर्धेत याला ‘ॲटलस स्टोन’ म्हणतात. आपल्याकडे मारुतीच्या पारापाशी पडलेली गोटी उचलून पोरं ताकद अजमावायची, तोच प्रकार. फरक इतकाच की इथं असे पाच गोटे ओळीनं असतात, प्रत्येक आधीच्यापेक्षा जड, आणि ते ओट्यांवर नेऊन ठेवायचे असतात, घड्याळ लावून.

गोट्याला धरायला कान नाही, कडी नाही. पाय फाकवून त्याच्यावर वाकायचं, हात लांब सोडायचे, बोटं बुडाशी घालायची आणि कवटाळायचं. पहिल्या हिसक्यात तो फक्त मांडीवर येतो. तिथं बूड टेकल्यासारखं बसून त्याला पोटाशी ओढायचं, मग कमरेचा एक झटका देऊन छातीवर घ्यायचं आणि ओट्यावर लोटून द्यायचं. परदेशातली मंडळी हातांना राळेचा चिकट लेप लावतात. आम्ही प्रयोग केला, तर नंतर तो खोबरेल चोळचोळूनही निघेना, केसांसकट निघाला. लेप न लावता उचललं तर कोपरापासून मनगटापर्यंतची साल जाते. पहिल्यांदा माझ्या छातीपर्यंत गोटा आला त्या दिवशी शर्टाच्या बाह्या आतून लाल झाल्या होत्या आणि घरी गेल्यावर विचारणा झाली, ‘कुणाशी भांडून आलात?’

विरास्त्युकचं गाव इव्हानो-फ्रँकिव्स्क. पश्चिम युक्रेनमध्ये, कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी. जन्म १९७४ चा. म्हणजे सोव्हिएत संघ फुटून युक्रेन स्वतंत्र झाला तेव्हा हा सतरा वर्षांचा. त्या मातीत ताकदीचं वेड जुनं. पोल्टावाच्या मुलखातला इव्हान पोद्दुब्नी शंभर वर्षांपूर्वी युरोपभर कुस्त्या मारत फिरला. लिओनिद झाबोतिन्स्कीनं १९६४ ला टोकियोत आणि १९६८ ला मेक्सिकोत वेटलिफ्टिंगच्या सगळ्यांत वजनदार गटाचं ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. विरास्त्युकच्या घरात गोळाफेक होती. थोरला भाऊ रोमान युक्रेनकडून ऑलिम्पिकला गेलेला गोळाफेकपटू, हाही सुरुवातीला गोळाच फेकायचा. सहा फूट तीन इंच उंची. थोरल्या भावाच्या सावलीत वाढलेला धाकटा शेवटी आपला आखाडा बदलतो, हे तालमीत आम्ही कितीदा तरी पाहिलंय.

२००३ मध्ये झांबियातल्या व्हिक्टोरिया धबधब्यापाशी ही स्पर्धा झाली. पहिला पोलंडचा मारियुश पुदझ्यानोव्स्की, दुसरा लिथुआनियाचा झिड्रूनास साविकास, तिसरा विरास्त्युक. पुढच्या वर्षी बहामाज बेटांवर तो पहिला आला. युक्रेनचा पहिला. साविकास लागोपाठ तिसऱ्या वर्षी दुसरा.

आता इथं गुणांचं गणित कळल्याशिवाय मजा कळत नाही, आणि तुमच्या पानांनी ते एकदाही सांगितलेलं मला आठवत नाही. अंतिम फेरीत दहा जण असतील तर प्रत्येक प्रकारात पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, असं उतरत शेवटच्याला एक. बरोबरी झाली की गुण वाटून घ्यायचे, म्हणून अर्धे गुणही येतात. याचा अर्थ असा, की एका प्रकारात तुम्ही जगात अजिंक्य असलात तरी दुसऱ्याच्या पुढं तुमचा एकच गुण. आणि एका प्रकारात पकड सुटून तुम्ही आठवे आलात, तर सात गुणांचा खड्डा. साविकास हा डोक्यावर ओंडका घेण्यात आणि उभ्यानं जड उचलण्यात बादशहा होता. विरास्त्युककडे असा दरारा बसवणारा एकच हुकमी एक्का नव्हता. पण ओढणं, वाहून नेणं, पकड, गोटे, कुठंही त्याचा कच्चा दुवा शोधून दाखवा. मला तो परीक्षेला बसलेल्या मुलासारखा वाटायचा, ज्याला एकाही विषयात शंभर नाहीत पण ज्याचा नंबर पहिला येतो. घरचे त्याचं कौतुक जरा कमीच करतात.

२००४ च्या त्याच स्पर्धेत पुदझ्यानोव्स्की तिसरा आला होता. उत्तेजकांच्या चाचणीमुळे त्याचा क्रमांक काढून घेण्यात आला आणि तिसरी जागा स्वीडनच्या माग्नुस सॅम्युएल्सनला मिळाली. हेही छापायला हवं होतं. या खेळात औषधांचा प्रश्न आहे, मोठा आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या पोरांच्या पिशव्यांमध्येही तो मला दिसतो. तुम्ही खेळ म्हणून छापलात तरच त्याबद्दल प्रश्नही विचारता येतील. भीमाची कोण चाचणी घेतो?

आणि मग जे झालं ते वाचताना कुठल्याही मराठी कुस्तीशौकिनाच्या ओठांवर कडवट हसू येईल. २००४ संपता संपता स्ट्राँगमनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ आणि ही स्पर्धा भरवणारी टीव्ही कंपनी यांचं फिसकटलं. महासंघानं खेळाडूंशी करार केले आणि स्वतःची वेगळी जागतिक स्पर्धा काढली. करार केलेल्यांना जुन्या स्पर्धेचे दरवाजे बंद. विरास्त्युक महासंघाकडे होता. म्हणजे गतविजेता असून २००५ मध्ये किताब राखायला तो मैदानात उतरूच शकला नाही. साविकासही महासंघाकडे गेला. जुन्या स्पर्धेत पुदझ्यानोव्स्की परतला आणि २००५, २००७, २००८ अशी तीन विजेतेपदं आधीच्या दोनांत घालून पाचावर पोचला. थोर खेळाडू, वाद नाही. पण त्या वर्षांत विरास्त्युक आणि साविकास समोर असते तर? या प्रश्नाचं उत्तर आता कुणीच देऊ शकत नाही.

तुम्हाला हे कळायला परदेशी जायची गरज नाही. २०२३ मध्ये कुस्तीगीर संघटनेच्या भांडणात आपल्याकडे एकाच मोसमात दोन ‘महाराष्ट्र केसरी’ झाले. गदा दोन, दावे दोन. तेव्हा तुम्ही पानंच्या पानं लिहिलीत, आणि चांगली लिहिलीत. पैलवानांचं वय कसं निघून जातं, खुराकाचा खर्च कोण भरून देणार, सगळं. तेच दुःख युक्रेनच्या माणसाचं होतं. फक्त त्याची बातमी तुमच्याकडे कुत्र्याच्या खाली होती.

विरास्त्युकनं वाट बघितली. महासंघाच्या स्पर्धेत २००५ आणि २००६ साविकासचे. २००७ मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमसान इथं विरास्त्युक जिंकला. आता दोन्हीकडची विश्वविजेतेपदं त्याच्या नावावर झाली. दोन्ही घरांत पहिला येणारा तो पहिलाच. साविकासला जुन्या स्पर्धेचा किताब त्यानंतर दोन वर्षांनी मिळाला. पुढं महासंघाचंच बस्तान उठलं. तोवर विरास्त्युकची तिशी उलटून गेलेली.

पुढं तो राजकारणात गेला. २०२१ च्या पोटनिवडणुकीत आपल्याच जिल्ह्यातून, झेलेन्स्कींच्या पक्षाकडून संसदेत. पैलवान आमदार होतात त्यातलाच प्रकार, त्यावर मला विशेष काही म्हणायचं नाही.

म्हणायचंय ते पुढच्या वर्षाबद्दल. २४ फेब्रुवारी २०२२. युद्धाच्या पहिल्याच दिवशी इव्हानो-फ्रँकिव्स्कच्या विमानतळावर क्षेपणास्त्रं पडली आणि ते नाव पहिल्यांदा तुमच्या पहिल्या पानावर आलं. कारण आपली मुलं तिथल्या मेडिकल कॉलेजात होती. आमच्याच आळीतली एक पोरगी तिथं चौथ्या वर्षाला. बसनं रुमानियाच्या हद्दीपर्यंत, तिथून थंडीत चालत, रांगेत रात्र काढून, मग विमान. ती घरी आली तेव्हा अर्धं गाव भेटायला गेलेलं. मीही गेलो. सगळे विचारत होते, बॉम्ब कसे पडले, खायला काय होतं. गर्दी पांगल्यावर मी हळूच विचारलं, ‘बाळ, तिथं वासिल विरास्त्युक म्हणून कुणी माहीत आहे का?’ बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. पोरगी मात्र त्या दिवसात पहिल्यांदा हसली. म्हणाली, ‘काका, त्यांना कोण नाही ओळखत? आमची घरमालकीण आजी त्यांना टीव्हीवर बघून सांगायची, हा आमच्या गावचा.’

त्या आजीचं पुढं काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं. फोन लागत नव्हता.

आणि आता परत नोविकोव्हकडे येतो, ज्याच्यामुळे हे पत्र सुरू झालं. विरास्त्युकनंतर सोळा वर्षांनी युक्रेनकडे हा किताब आला. २०२० ची स्पर्धा करोनामुळे मे महिन्याची नोव्हेंबरात गेली, फ्लोरिडातल्या ब्रॅडेन्टनला झाली. या खेळात हल्ली दोन मीटरच्या वरची माणसं येतात. दुसरा आलेला स्कॉटलंडचा टॉम स्टोल्टमन त्यातलाच, सहा फूट आठ इंच. नोविकोव्ह सहा फूट एक इंच, वजन एकशे पस्तीस किलोच्या आसपास. आपल्या हिशेबात धिप्पाड, त्यांच्या रांगेत धाकटा भाऊ. ओट्यावर गोटा ठेवताना ती सात इंच म्हणजे काय, हे ज्यानं गोटा छातीपर्यंत आणून सोडलाय त्याला विचारा.

त्या स्पर्धेत त्यानं ५३७.५ किलोची अर्धी डेडलिफ्ट मारली, तेव्हाचा विश्वविक्रम. (डेडलिफ्ट म्हणजे वजनं लावलेला दांडा वाकून धरायचा आणि ताठ उभं राहायचं.) हा आकडा बघून तुमचा उपसंपादक नक्की गोंधळेल, कारण त्याच वर्षी मे महिन्यात आइसलँडच्या हाफथोर ब्यॉर्न्सननं ५०१ किलोचा विक्रम केला होता आणि तोही विश्वविक्रमच होता. दोन्ही खरे. ब्यॉर्न्सननं दांडा जमिनीवरून उचलला. नोविकोव्हचा दांडा अठरा इंच उंचीवर, गुडघ्याच्या जवळपास ठेवलेला होता. उचलायचं अंतर कमी, म्हणून वजन जास्त. एक ओळ पुरते हे सांगायला. ती ओळ नसली की वाचक म्हणतो, काहीही छापतात.

मला नोविकोव्हचं त्यानंतरचं वर्ष जास्त शिकवून गेलं. २०२१ ला सॅक्रामेंटोत विश्वविजेता म्हणून उतरला आणि गटातूनच बाहेर. अंतिम फेरीसुद्धा नाही. किताब स्टोल्टमनकडे. मग फेब्रुवारीत देशावर युद्ध आलं. २ एप्रिल २०२२, म्हणजे युद्ध सुरू होऊन सव्वा महिना झाला होता, इंग्लंडमधल्या लीड्सला ‘युरोप्स स्ट्राँगेस्ट मॅन’ झाली आणि ती नोविकोव्हनं जिंकली. मे महिन्यात जागतिक स्पर्धेत तिसरा. २०२३ ला पुन्हा तिसरा. आणि त्याच २०२३ मध्ये लीड्सला युरोपचा किताब घेतला पाव्लो कोर्दियाकानं. तोही युक्रेनचाच.

एकशे पस्तीस किलोच्या देहाला टिकवायला खाणं लागतं, झोप लागते, ठरलेल्या वेळी ठरलेलं लोखंड लागतं. सायरन वाजला की तळघरात उतरणाऱ्या देशातली ही माणसं. आमच्याकडे लाइट गेली तर दोन दिवस पोरं व्यायामाला येत नाहीत. यात तुम्हाला बातमी दिसत नसेल तर मग मी कशाला भांडतोय कुणास ठाऊक.

मागणी फार मोठी नाही. ही स्पर्धा वर्षातून एकदा होते. त्या आठवड्यात वीतभर जागा द्या. विजेत्याचं नाव नीट लिहा, दुसऱ्या-तिसऱ्याचंही. गुण छापा. वजन किलोत लिहा, आणि दांडा कुठून उचलला ते लिहा. शब्द तुमच्याकडे तयार आहेत: खांद्यावर घेऊन पळतात तो ‘योक’ म्हणजे आपलं जू, ‘लॉग’ म्हणजे ओंडका, ‘स्टोन’ म्हणजे गोटा. ट्रक ओढण्याच्या प्रकारात पहिला फूटभर सगळ्यांत अवघड असतो, गाडी एकदा हलली की लय तुटू द्यायची नाही, हेही बैलगाडी चिखलातून काढलेल्या वाचकाला एका वाक्यात कळेल. फोटो छापाल तेव्हा त्याच माणसाचा छापा. आणि कृपा करून ‘अबब’ नको.

माझा तो जुना मजकूर अजून आहे. छापायचा असेल तर दुरुस्त करून पाठवतो, मानधन नको.

छापण्याआधी ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्यानं आमच्याकडे यावं. व्यायामशाळा सकाळी साडेपाचला उघडते. गोटा मागच्या पत्र्याखाली आहे. लांब बाह्यांचा जुना शर्ट घालून या, खोबरेल आमच्याकडे आहे.

कळावे,
आपला एक जुना वाचक